दोन मुठी सरकी

माझी नात सकाळी टीव्हीवर अमेरिकेतले बास्केटबॉलचे सामने बघते. पैसे घेऊन खेळणारे ते खेळाडू, एकेक जण दारात न मावणारा. मीही चहा घेऊन तिच्या शेजारी बसतो. तिला वाटतं, आजोबांना त्या उड्या आवडतात. चेंडू ज्याच्या हातात असतो त्याच्याकडे सगळे बघतात. मी बघतो ते त्याच्यासमोर गुडघ्यांत वाकून, पाय फाकवून बाजूबाजूला सरकणाऱ्या माणसाकडे. त्याच्यावर शिटी वाजली की माझा चहा तसाच राहतो.

परवा तिनं मला समजावलं की पूर्वी तिथे अडवणाऱ्याला समोरच्याच्या कमरेवर हात टेकवता यायचा, आता बोट लावलं तरी फाउल. शिवाय जाळीखाली एक अर्धगोल आखलेला आहे. अडवणारा त्यात उभा असला आणि धावत येणारा त्याच्या अंगावर आदळला, तर दोष बहुतेक उभ्या राहिलेल्याचाच धरतात.

"हे कोणाच्या सोयीसाठी?" मी विचारलं.

"लोकांना बास्केट झालेलं बघायचं असतं, आजोबा. अडवलेलं कोण बघतं?"

तिनं सहज सांगितलं, पण मला राग आला. तो राग तिच्यावर नव्हता, आजचाही नव्हता. साठ वर्षं झाली त्याला. घरात मी हे कधी नीट सांगितलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

मी केनवडच्या बाजूच्या एका वाडीतला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी वाशीमच्या हायस्कुलात शिकलो. वाडीवरच्या आम्ही पाच मुलांनी मिळून एक खोली घेतली होती. हातानं स्वयंपाक करायचो, आणि बाजाराच्या दिवशी गावाकडून येणाऱ्या बैलबंडीत ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ आणि मायनं बांधून दिलेली चटणी यायची. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका. आमचा वऱ्हाड नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि शाळेतले नकाशे अजून जुनेच होते.

अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, वर्षी बा मला म्हणाला होता, "मॅट्रिक होय. मंग घरी ये. दोन लहान हायेत, मले एकट्याले आता होत नाही." त्याचं चुकीचं नव्हतं. पण मला पुढे शिकायचं होतं, आणि ते मी कोणाला बोलून दाखवत नव्हतो. बोलून दाखवण्यासारखी वाटच नव्हती.

ती वाट आमच्या खेळाच्या सरांनी दाखवली. ते अमरावतीहून शारीरिक शिक्षणाचं शिकून आले होते. येताना दोन वस्तू घेऊन आले होते, एक कातडी चेंडू आणि एक बास्केटबॉलच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी मुरूम टाकून घेतला, दोन बाभळीचे खांब रोवले, वर फळ्या ठोकल्या आणि लोहाराकडून लोखंडी कड्या करून आणल्या. जाळी दोरीची. आम्ही वाडीवरची मुलं तोवर फक्त हुतुतू खेळलेलो.

पहिल्या दिवशी सरांनी मला उभं केलं आणि एका मुलाला चेंडू घेऊन पळायला सांगितलं. मला म्हणाले, "याला अडव." मी अडवलं. कमरेत कवळ घातली, उचललं आणि जमिनीवर निजवलं. सगळी पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी मला हात धरून बाजूला नेलं.

"बाबू, हात लावायचा नाही."

"मंग अडवू कायनं?"

"पायानं."

"लाथ मारू?"

तेव्हा मात्र सरांना हसू आवरलं नाही.

मागे माझा खोलीतला एक जोडीदार दुसऱ्याला सांगत होता, "अबे, हे असं हाय. तो येते, तू त्याच्या समोर उभा राहाचं. तो आंगावर आला तरी तू त्याले हात लावाचा नाही. पावन्याले वाट दाखोते तसं." त्यांना तो खेळच वाटेना. मला मात्र त्या गोष्टीनं धरून ठेवलं. ज्याला हात लावायचा नाही त्याला थांबवायचं कसं, हे मला शिकायचं होतं.

सरांनी मला ज्या रीतीनं शिकवलं ती कुठल्या पुस्तकात नव्हती. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून त्यांनी सरकीची एक पिशवी आणवली. सरकी म्हणजे कापसातलं बी, आमच्याकडे ढोरांना घालतात. माझ्या दोन्ही मुठींत त्यांनी सरकी भरली आणि म्हणाले, "आता अडव. मूठ उघडली की सरकी पडेल. सरकी पडली की मैदानाला एक फेरी." मूठ मिटलेली असली की माणूस धरू शकत नाही. हात कुठे ठेवायचे हे विसरलं की पाय आपोआप चालायला लागतात. पहिल्या महिन्यात मी मैदानाला इतक्या फेऱ्या मारल्या की कडेचं गवत दबून पायवाट पडली. मग फेऱ्या कमी झाल्या. पोळ्यानंतर एके दिवशी तासभर खेळलो आणि शेवटी मुठी उघडल्या तर सरकी घामानं भिजून तशीच होती. एकही दाणा पडला नव्हता. सरांनी ती सरकी माझ्या हातून परत पिशवीत घेतली आणि म्हणाले, "झाला तू गार्ड."

त्या पुस्तकातला एक नियम सरांनी मला पाठ करून दिला होता. मैदानावर जो जिथे आधी उभा राहिला, ती जागा त्याची. तो पाय रोवून उभा असताना दुसरा येऊन त्याच्यावर आदळला, तर चूक आदळणाऱ्याची. मला हा नियम इतका आवडला की मी तो खोलीवर झोपताना मनात म्हणत असे. शेतकऱ्याच्या मुलाला जागेचा हक्क समजवावा लागत नाही.

दुसरा एक नियम असा होता की पंचानं तुझ्यावर फाउल दिला, की तू टेबलाकडे तोंड करून हात वर करायचा, म्हणजे लिहिणाऱ्याला कळतं. असे पाच झाले की तू बाहेर, त्या सामन्यात परत येणे नाही. हा नियम आम्हाला शिकवावाच लागला नाही. आमच्या वाडीवर हुतुतूला पंच नसायचा. ज्याला हात लागला तो स्वतःच हात वर करायचा, "मेलो" म्हणायचा आणि रेघेबाहेर जाऊन बसायचा. धुळीत पन्नास हातपाय गुंतलेले असताना कुणाला कोणाचं नख लागलं हे ज्याचं त्यालाच माहीत असतं. एखाद्यानं लपवलं आणि ते उघडकीला आलं, तर त्या हिवाळ्यात त्याला कोणी खेळायला बोलावत नसे. माझ्या सख्ख्या चुलत्याला एकदा असा एक हिवाळा बाहेर काढावा लागला होता. म्हातारपणीही लोक त्याला त्यावरून चिडवायचे.

शाळेच्या मैदानावर सरावाला सर एकटेच. कधी शिटी त्यांच्या तोंडात, कधी खिशात. म्हणून आम्ही वाडीची रीत तशीच चालू ठेवली. हात लागला की आपणच हात वर करायचा आणि खेळ थांबायचा. सरांना ते फार आवडायचं. ते कौतुकानं बघत राहायचे. त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही की बाहेर, खऱ्या सामन्यात, शिटी वाजेपर्यंत हात वर करायचा नसतो. पुढे ते म्हणायचे की ती चूक त्यांची होती. मी ते कधीच मान्य केलं नाही.

त्या हिवाळ्यात अकोल्याला हायस्कुलांच्या स्पर्धा होत्या. सरांनी निघण्याआधी मला एकट्याला बोलावून सांगितलं, "तिकडे एका कॉलेजचे खेळाचे प्राध्यापक येणार आहेत. त्यांच्या वसतिगृहात खेळाडूंसाठी जागा असते, राहणं-जेवण फुकट. मी त्यांना तुझ्याबद्दल लिहिलंय. त्यांना गार्ड पाहिजे. तू फक्त शेवटपर्यंत मैदानावर राहा. त्यांना तुला पाहू दे." मी मान हलवली. राहणं-जेवण फुकट म्हटल्यावर बा नाही म्हणणार नव्हता, हे मला ठाऊक होतं.

वाशीमहून छोट्या लाईनच्या गाडीनं आम्ही अकोल्याला गेलो. बारा मुलं, त्यांतल्या चौघांजवळ कॅनव्हासचे बूट. मी अनवाणी. पहिले दोन सामने आम्ही जिंकलो. लोकांनी विचारलं, हे कुठले पोट्टे म्हणून. तिसरा सामना शहरातल्याच एका मोठ्या शाळेशी होता आणि प्राध्यापक तो बघायला आले होते. पांढरी पँट, डोळ्यांवर काळा चष्मा, टेबलामागच्या खुर्चीत बसलेले. सरांनी डोळ्यांनी खूण करून मला ते दाखवले.

त्या शाळेचा कॅप्टन माझ्याहून वीतभर उंच होता. सुंदर खेळायचा, हे मी आजही म्हणेन. त्याचे हात लांब होते, चेंडू त्याच्या तळव्याला चिकटल्यासारखा असायचा. त्याच्याकडे आणखी एक कला होती. त्याला कुठे जरासं अडलं की तो मोठ्यानं कण्हायचा, पडायचा, आणि पडता पडता पंचाकडे बघायचा. आमच्याकडे पडलेला माणूस आधी जमिनीकडे बघतो. हा पंचाकडे बघायचा.

माझा पहिला फाउल खरा होता. घाईत माझा हात त्याच्या कमरेला लागला. मी हात वर केला. दुसऱ्या वेळी मी चेंडूवर मारलं, चेंडूवरच. तो ओरडला, शिटी वाजली. मी हात वर केला, कारण पंचानं दिला म्हणजे दिला. मनात म्हटलं, असू दे, एखादा जातो.

तिसरा फाउल मी आजवर सोडून दिलेला नाही.

कॅप्टन उजव्या बाजूनं निघाला. तो कुठून येणार हे मला त्याच्या खांद्यावरून कळलं होतं. मी तीन पावलं आधी जाऊन जाळीच्या वाटेवर उभा राहिलो. दोन्ही पाय जमिनीत. दोन्ही मुठी मिटून छातीशी, सरकी नसताना सरकी असल्यासारख्या. मी श्वाससुद्धा धरून ठेवला होता. तो आला आणि पूर्ण वेगात माझ्यावर आदळला. त्याचं कोपर माझ्या छातीच्या हाडावर बसलं. मी एक पाऊलही मागे गेलो नाही. तो मात्र उताणा पडला, चेंडू सुटला, लोक ओरडले. शिटी वाजली आणि पंचाचं बोट माझ्याकडे आलं.

मी म्हटलं, "सर, मी उभा होतो."

पंच म्हणाले, "उभा होतास तर तो पडला कसा?"

"तो माझ्यावर आदळला म्हणून पडला."

"तू हललास. हात वर कर."

मी हललो नव्हतो. मुरुमावर माझ्या दोन्ही टाचांचे खड्डे पडले होते. ते मी त्यांना दाखवले. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. मी हात वर केला. तो हात खांद्यापासून जड झाला होता.

चौथा तर असा की चेंडू फळीवरून उडाला, मी उडी मारून पकडला, आणि त्यांचा एक मुलगा मागून माझ्या पाठीवर चढला. आम्ही दोघं कोसळलो. शिटी माझ्यावर. का, तर तो मुलगा कण्हत होता.

अर्धा वेळ झाला तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. सर माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी माझी छाती दाबून पाहिली, तिथे निळं पडायला लागलं होतं. ते पंचाकडे गेले, पुस्तक उघडून काही दाखवलं. पंचांनी पुस्तक न बघता ते मिटवून त्यांच्या हातात दिलं. सर परत आले तेव्हा त्यांचे कान लाल होते.

"एकच राहिलाय," ते म्हणाले. "तू आता त्याच्यापासून हातभर लांब राहा."

"लांब राहिलो तर तो टाकन ना, सर."

"टाकू दे. तू मैदानावर पाहिजेस."

मी लांब राहिलो. त्यानं तीन बास्केट टाकली, माझ्या डोळ्यांदेखत, आरामात. त्यातल्या एकानंतर तो माझ्याजवळून जाताना म्हणाला, "काय पाटील, थकले का?" मी पाटील नव्हतो, पण शहरात धोतरवाल्या घरातल्या प्रत्येकाला तेच म्हणायचे. मला तेव्हा कळलं की चार फाउलांनी माझा खेळ अर्धा काढून घेतला होता. शिटी वाजते तेव्हा एकदाच शिक्षा होते असं लोकांना वाटतं. अडवणाऱ्याच्या मनात ती नंतरही वाजत राहते. तो पुढे यायला भितो, आणि अडवणारा भ्यायला लागला की त्याचं काम संपलं.

शेवटची दोनतीन मिनिटं राहिली तेव्हा आम्ही एका गुणानं पुढे होतो. मी ठरवलं, आता लांब राहणं नाही. तो डावीकडून निघाला, मी त्याच्याबरोबर सरकलो, मुठी बंद. त्यानं जाळीकडे चेंडू टाकायला हात उचलला आणि मीही हात उंच केला. चेंडू कडीवर आपटून बाहेर गेला. आमच्या मुलानं तो धरला आणि तो पळायला लागला. शिटी वाजली नव्हती. कोणीही काही पाहिलं नव्हतं. त्या कॅप्टननंही नाही, नाहीतर तो कण्हला असता.

पण माझ्या उजव्या मुठीच्या हाडाला त्याचं कोपर निसटतं लागलं होतं. मला ते लागल्याचं कळलं, आणि विचार करायच्या आत माझा हात वर गेला होता.

पाय थांबले. तोंडातून "मेलो" निघालं नाही एवढंच. मी टेबलाकडे तोंड करून हात वर केलेला, आणि आमचा मुलगा चेंडू घेऊन पुढे धावतो आहे. पंचांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर त्यांनाही काही समजेना. मग त्यांनी शिटी वाजवली.

"लागला?" त्यांनी विचारलं.

"लागला."

लिहिणाऱ्यानं पाचवी रेघ मारली. टेबलाजवळून आवाज आला, "पाच. बाहेर."

त्या कॅप्टनला दोन फ्री थ्रो मिळाले. त्यानं दोन्ही टाकले. उरलेल्या वेळात कोणाचंच बास्केट झालं नाही, आणि आम्ही एका गुणानं हरलो.

मी बाकावर बसलो होतो. खोलीतला माझा जोडीदार माझ्याजवळ आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "काहून हात वर केला बे तू? कोनी पाह्यलं होतं का?"

"लागला होता."

"अबे, त्यानं तुह्यी छाती फोडली, त्यानं केला का हात वर?"

हा जोडीदार वाडीवर माझ्याबरोबर हुतुतू खेळलेला होता, त्यानंही जन्मभर तसाच हात वर केला होता. तोसुद्धा त्या एका तासात बदलून गेला.

सर प्राध्यापकांशी बोलत होते. मी जवळ गेलो नाही, पण ऐकू येत होतं. प्राध्यापक म्हणाले, "पोरगा चपळ आहे हो. पण वहीत बघा, पाच रेघा. इतके फाउल करणारा गार्ड घेऊन मी काय करू? तो अर्ध्या सामन्यात बाहेर बसेल."

सर म्हणाले, "त्यातले तीन त्याचे नव्हतेच. तुम्ही पाहिलेत."

"मी पाहिलं. पण वहीत तसं लिहिलेलं नाही. आणि पाचवा तर त्यानं मागून घेतला. असा भाबडा मुलगा कॉलेजच्या सामन्यात काय टिकणार?"

जागा त्या कॅप्टनला मिळाली. त्याचं घर त्याच शहरात होतं, कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्याला वसतिगृहाची गरज नव्हती. पुढे मला कळलं की तो त्या खोलीत कधी राहिलाच नाही.

निघण्याआधी मी पंचांना गाठलं. ते नळावर पाय धूत होते. मी सदऱ्याची गुंडी काढून छाती दाखवली आणि विचारलं, "सर, तिसऱ्या वेळी चूक कोणाची होती?"

त्यांनी पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी ओल्या हातानं माझी छाती चाचपली आणि म्हणाले, "बराच मार लागला की रे. अरे, पण तू उभा राहिलास. पडलेला मुलगा दिसतो, उभा असलेला दिसत नाही. तूही पडायचं होतंस."

मला रडू आलं नव्हतं ते तेव्हा आलं, रागानं. तूही पडायचं होतंस. चार महिने मुठीत सरकी घेऊन मी उभं राहायला शिकलो होतो, आणि नियम ज्याच्या हातात त्याचा सल्ला असा की पडायला शीक.

घरी गेलो तेव्हा कापूस वेचणी चालू होती. बा ओळीत होता, कमरेला ओटी बांधलेली. मी त्याच्या बाजूच्या ओळीत लागलो आणि वेचता वेचता सगळं सांगितलं. त्याचे हात चालूच होते. शेवटी थांबून म्हणाला, "तुह्या हाताले त्याचं कोपर लागलं होतं का?"

"हो."

"मंग बराबर केलं." आणि थोडं पुढे जाऊन परत वळला. "अन् तो तुह्या छातीवर आला तवा त्यानं काय केलं?"

"काही नाही."

"त्याले कोनी खेळू कसं देते?"

बाला ते खरोखरच समजत नव्हतं. त्याच्या वाडीत त्या मुलाला एक हिवाळा बाहेर बसवलं असतं. मी काय सांगणार होतो, की त्याला पुढच्या स्पर्धेचं बोलावणं आलं आहे म्हणून?

सरांनी स्पर्धेच्या समितीला एक अर्ज लिहिला. त्याची नक्कल त्यांनी मला दिली, ती अजून माझ्याजवळ आहे. कागद पिवळा पडला आहे, अक्षर टपोरं आणि सरळ. त्यात त्यांनी लिहिलं की दुसरा, तिसरा आणि चौथा फाउल नियमाला धरून नव्हता, नियम अमुक पानावर आहे. आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलं की पहिला आणि पाचवा योग्य होता, त्याबद्दल आमची तक्रार नाही. समितीचं उत्तर एका ओळीचं आलं. आपण स्वतःच पाचवा फाउल मान्य करीत असल्यामुळे खेळाडूला बाहेर काढणे योग्यच होते.

हे उत्तर मी किती वेळा वाचलं असेल. तिसरीतला मुलगाही सांगेल की मधले तीन वजा केले तर पाचवा हा पाचवा राहत नाही, दुसरा होतो. पण तेवढा हिशेब करायलासुद्धा त्यांना कोणी सापडलं नाही. माझा हात आणि सरांचा अर्ज, दोन्हींचं एकच झालं. आम्ही आमची चूक कबूल केली, आणि तिचाच उपयोग करून त्यांनी बाकीच्या चुका आमच्या नावावर टाकल्या.

मॅट्रिक झालो आणि घरी आलो. एक वर्ष मी बाबरोबर शेती केली. वखर हाणला, तूर सोंगली, कापूस वेचला. सरकीची पोती बंडीत टाकताना हातात दाणे यायचे आणि मूठ आपोआप मिटायची. मला शेतीची लाज नव्हती, आजही नाही. पण ते वर्ष मी माझ्या इच्छेनं दिलेलं नव्हतं. ते माझ्याकडून काढून घेतलं होतं, आणि ज्यांनी घेतलं त्यांना आपण काही घेतलं हे माहीतही नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात सर आमच्या वाडीवर आले. केनवडपासून पायी आले होते, धोतर धुळीनं भरलेलं. मायनं त्यांना पाणी दिलं. त्यांनी खिशातून एक पत्र काढलं. अमरावतीला शेतकऱ्यांच्या मुलांसाठी एक वसतिगृह होतं. तिथे वाढप आणि झाडलोट करणाऱ्या मुलांना राहणं-जेवण मिळत असे. सर वर्षभर त्यांच्या मागे लागले होते. खेळाडू म्हणून नाही, विद्यार्थी म्हणून जागा मिळाली होती.

बानं पत्र हातात धरलं. त्याला वाचता येत नव्हतं, तरी तो ते बराच वेळ बघत राहिला. मग सरांना म्हणाला, "गुरुजी, तुमी इतकं कायले केलं?"

सर म्हणाले, "माझ्यावर याचं तीन फाउलांचं देणं होतं."

मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला. सरांचे उपकार मी कुठल्याही शब्दांत फेडू शकणार नाही. पुढे मी शिक्षक झालो आणि शाळाशाळांच्या सामन्यांत पंच म्हणूनही उभा राहिलो. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे बघायचं नाही, अडवणाऱ्याच्या पायांकडे बघायचं, एवढा एक नेम मी पाळला. उभ्या मुलावर कोणी आदळला की मी आदळणाऱ्यावर शिटी वाजवायचो. लोक ओरडायचे. एकदा वाशीमजवळच्या मालेगावकडच्या एका शाळेच्या पालकांनी मला मैदानावरून हाकलायचंच बाकी ठेवलं होतं. मुठीत सरकी घेऊन सराव करणारी मुलं मीही तयार केली. त्यांना मात्र एक गोष्ट मी सुरुवातीलाच सांगत असे, जी सरांनी मला सांगितली नव्हती. शिटी वाजेपर्यंत थांबू नका, हात वर करू नका. हे सांगताना दर वेळी माझी जीभ अडखळायची.

इथवर लिहून झालं आणि आज सकाळी मी हे सगळं नातीला सांगितलं. ती स्वतः कॉलेजात खेळते, तीही गार्ड आहे. तिनं टीव्हीचा आवाज बंद केला आणि विचारलं, "मग आजोबा, आज तुम्ही त्या मैदानावर असता तर हात वर केला असता का?"

"केला असता."

"आणि वर्ष गेलं असतं तरी?"

"तरी. माझ्या हातानं माझं वर्ष नेलं नाही. नेलं ते दुसऱ्या हातानं, जो वर जायला हवा होता आणि गेला नाही."

तेवढ्यात पडद्यावर एक धिप्पाड खेळाडू जाळीकडे धावत गेला आणि पाय रोवून उभ्या असलेल्या एकावर जाऊन आदळला. दोघं पडले. पंचाचं बोट जो उभा होता त्याच्याकडे गेलं. तो पडल्या पडल्या दोन्ही हात पसरून विचारत होता, मी काय केलं. नात पुढे सरकून ओरडली, "तो उभा होता की."

मी थंड झालेला चहा उचलला. घरात आणखी एका माणसाला ते दिसलं होतं.